मासच्या काठावरून : दोन बँड आणि कलम नऊ

मागच्या अंकात आम्ही इथल्या व्लायची, म्हणजे लिम्बुर्गी फळांच्या पायची, आपल्या पुरणपोळीशी तुलना केली होती. त्यावर चार पत्रं आली. तिघांनी पाककृती मागितली आणि एका भगिनींनी पुरणपोळीचा अपमान केल्याबद्दल आमचा निषेध नोंदवला. निषेध पोचला. या वेळी खाण्याचा विषय नाही, वाजवण्याचा आहे. आणि थोडा निषेधाचाही आहे, तेव्हा त्या भगिनींनी पुढे वाचायला हरकत नाही.

सुरुवात झाली गेल्या वर्षीच्या २७ एप्रिलला. त्या दिवशी नेदरलंड्सच्या राजाचा वाढदिवस. सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर येतो आणि ज्याला वाटेल तो फुटपाथवर चादर अंथरून घरातली अडगळ विकतो. आमच्या सौ.चं म्हणणं असं की इतर लोक त्या दिवशी अडगळ विकतात आणि आम्ही विकत घेतो. गेल्या वर्षी मात्र आम्ही फक्त एक रेकॉर्ड घेतली. जुनी, मोठी, एल. पी. कव्हरवर डझनभर बायाबापे रांगेत उभे, दोघांनी दोन टोकांना धरलेला एक कापडी फलक, अगदी गावच्या भजनी मंडळाचा रौप्यमहोत्सवी फोटो असावा तसा. फलकावर लिहिलं होतं : लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा. विकणारे आजोबा पंच्याहत्तरीचे असतील. पाच युरो म्हणाले. आम्ही सवयीने तीन म्हणालो. ते म्हणाले, "चार दे, पण घरी जाऊन ऐक. भिंतीवर लावू नकोस." हल्ली तरुण मंडळी रेकॉर्डी भिंतीवर लावतात म्हणे. आम्हाला तरुण समजले म्हणून आम्ही पाच दिले.

आता एक कबुली. आम्हाला जॅझमधलं काही कळत नाही. आखेनला एम. एस. करायला आलो तेव्हा हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा रात्री-अपरात्री सॅक्सोफोन वाजवायचा, तेवढाच आमचा आणि जॅझचा संबंध, आणि तो काही प्रेमाचा नव्हता. आपल्याकडचं जॅझ म्हणावं तर आपण सगळ्यांनी ते ऐकलंय, फक्त नाव माहीत नसतं. 'अलबेला' आठवतोय? १९५१ चा, भगवानदादांचा. सी. रामचंद्रांच्या त्या गाण्यांत जो ट्रम्पेट नाचतो तो चिक चॉकलेटचा. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्याचे. मुंबईच्या हॉटेलांमध्ये आणि फिल्मी स्टुडिओंमध्ये वाजवणारे असे कितीतरी गोवेकर चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेले. पोर्तुगिजांनी गोव्याला काय दिलं असं कुणी विचारलं तर ही एक गोष्ट प्रामाणिकपणे जमेला धरावी लागते. खर्चाच्या बाजूचं पुढे येईलच.

तर ही रेकॉर्ड. घरी येऊन मागच्या बाजूची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली, तर ती ध्वनिमुद्रित झाली होती १९६९ साली, न्यूयॉर्कच्या जडसन हॉलमध्ये, २७ ते २९ एप्रिल या तीन दिवसांत. आम्ही ती घेतली २७ एप्रिललाच. आम्ही इंजिनीअर असल्यामुळे योगायोगावर विश्वास ठेवत नाही, पण नोंद करून ठेवली.

ऑर्केस्ट्राचा म्होरक्या चार्ली हेडन. बास वाजवणारा, म्हणजे ते माणसाएवढं उंच तंतुवाद्य. जन्म १९३७ चा, अमेरिकेतल्या आयोवाचा. घरचं सगळं कुटुंब रेडिओवर लोकगीतं गायचं आणि हा दोन वर्षांचा असल्यापासून त्यांच्यात. पुढे पोलिओ झाला, त्यात गळा गेला आणि गाणारा मुलगा वाजवणारा झाला. पियानोवर आणि सगळ्या वाद्यमेळाच्या मांडणीला कार्ला ब्ले. फलकाचं एक टोक तिच्या हातात आहे, दुसरं हेडनच्या. एकूण तेरा वादक. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, क्लॅरिनेट, आणि डॉन चेरी नावाच्या गृहस्थांच्या नावापुढे चक्क भारतीय बांबूची बासरी लिहिली आहे. ती ऐकू येते का म्हणून आम्ही पहिली बाजू तीनदा ऐकली. येते.

पण वाजवलंय काय? स्पेनच्या यादवी युद्धात, १९३६ ते ३९ मध्ये, फ्रँकोच्या विरुद्ध लढणारे सैनिक जी गाणी म्हणायचे ती. सलग एकवीस मिनिटं. मधूनच त्या काळच्या खऱ्या ध्वनिफितींतले आवाज, जणू पलीकडच्या खोलीत कुणीतरी रेडिओ लावलाय. मग आयस्लरचं एक जर्मन कामगारगीत, शब्द ब्रेख्तचे. चे गव्हेरा १९६७ साली मारला गेला, त्याच्यावर हेडनने स्वतः केलेली एक रचना. आणि दुसऱ्या बाजूला, शेवटाकडे, 'सर्कस ६८, ६९' नावाचा एक प्रकार, ज्याच्यासाठी आम्ही हा सगळा लेख लिहितो आहोत.

हा प्रकार समजायला १९६८ च्या ऑगस्टात शिकागोला जावं लागतं. डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. व्हिएतनामचं युद्ध थांबवावं असा ठराव काही प्रतिनिधींनी आणला होता, तो पडला. पडल्यावर न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी उभे राहून 'वुई शॅल ओव्हरकम' म्हणायला लागले. थांबेनात. तेव्हा व्यासपीठावरून अधिवेशनाच्या बँडला हुकूम सुटला की यांचा आवाज दाबा. बँडने मग झेंड्याची आणि सुखाच्या दिवसांची जोरजोरात वाजणारी गाणी सुरू केली. हेडन हे घरी टी. व्ही.वर बघत होता. त्याने काय करावं? आपल्या ऑर्केस्ट्राचे दोन बँड केले आणि ते अधिवेशनच वाजवून दाखवलं.

वाचकहो, तुमच्यापैकी जे सांगली, सातारा, सावंतवाडी अशा गावांत वाढले असतील त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. लग्नसराईत दोन वराती एकाच चौकात समोरासमोर आल्या की काय होतं? दोन्ही बँडमास्तर एकमेकांकडे बघतात, आणि मग कोणीच माघार घेत नाही. घोडे बुजतात, नवरदेव घामाने निथळतात, आणि ज्याला गाणं ओळखता येईल तो खरा कानसेन. अगदी तेच. फक्त चौकातल्या भांडणात दोघांचीही ताकद सारखी असते. इथे एकाच्या हातात माईक आणि दुसऱ्याच्या हातात काही नाही.

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "रेकॉर्ड खराब निघालेली दिसतेय." आम्ही म्हटलं, नाही, ती तशीच आहे. "मग पाच युरो कशाचे दिले?" या प्रश्नाचं उत्तर आम्हाला वर्षभराने मिळालं.

इथे थोडं आमच्या गावाबद्दल सांगायला हवं. मास्ट्रिख्ट म्हटलं की लोकांना १९९२ चा करार आठवतो, युरोपीय संघाचा. नाहीतर आन्द्रे रिउ. रिउ इथलेच. दर जुलैत व्रैटहॉफ चौकात त्यांचा भलामोठा वाद्यवृंद वॉल्ट्झ वाजवतो आणि जगभरून पाहुणे येतात. छान असतं. आमच्या घरी येणारे सगळे नातेवाईक त्याच वेळी येतात आणि आम्ही त्यांना नेतो. पण या भागाचा खरा जीव रिउ नव्हे, हार्मोनी आणि फानफारे. म्हणजे गावोगावचे वाऱ्याच्या वाद्यांचे बँड. लिम्बुर्गमध्ये ज्या गावात धड दुकान उरलेलं नाही तिथेसुद्धा बँड असतो, त्याचा गणवेश असतो, त्याचा शंभर वर्षांचा झेंडा असतो. बेकरीवाला ट्यूबा वाजवतो, शाळामास्तर कॉर्नेट. अर्ध्या तासावरच्या केर्कराडेला १९५१ पासून या बँडांची जागतिक स्पर्धा भरते. आणि कार्निव्हलच्या तीन दिवसांत मास्ट्रिख्टच्या गल्ल्यांतून जे बँड फिरतात त्यांना इथल्या बोलीत 'झालेलं हार्मोनी' म्हणतात. कशाने झालेलं ते सांगायला नको.

आमची कन्या सोळा वर्षांची आहे आणि ट्रॉम्बोन वाजवते. का वाजवते हे आम्हाला माहीत नाही. आम्ही हार्मोनियम आणला होता. पण तिच्या संगीतशिक्षकांना आमच्या रेकॉर्डीचं कौतुक तिच्याकडून कळलं आणि ते उडालेच. त्यांच्या पिढीला हे सगळं जवळचं. नेदरलंड्समध्येही त्या काळी संगीतकारांनी कमी दंगा केला नव्हता. १९६९ च्या नोव्हेंबरात अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊमध्ये, ऐन मैफलीत, लुई आन्द्रीसन, मिशा मेंगेलबर्ख वगैरे तरुणांनी खेळण्यातल्या टकटक्या आणि भोंगे वाजवून कार्यक्रम बंद पाडला होता. मागणी अशी की या सरकारी पैशाच्या ऑर्केस्ट्रात आजच्या संगीताला जागा द्या. त्यातल्याच आन्द्रीसनने १९७२ साली 'दे फोलहार्डिंग' नावाचं वाद्यवृंद काढलं, अर्थ चिकाटी. जॅझवाले आणि शास्त्रीय शिकलेले एकत्र, व्हायोलिनं नाहीत, नुसते सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि पियानो. मोर्च्यांत आणि सभांत जाऊन वाजवायचे. आता ते वाद्यवृंद नाही, आन्द्रीसनही २०२१ मध्ये गेला. पण आमच्या कन्येचे मास्तर तारुण्यात त्यांच्या मागे मागे फिरलेले. त्यांनी हेडनची 'सर्कस' चौदा मुलांसाठी बसवायला घेतली.

एके दिवशी कन्या घरी आली ती तोंड पाडून. "बाबा, मला दाबणाऱ्यांत टाकलंय."

आम्हाला आधी कळेना. मग उलगडा झाला. सात मुलं गाणं वाजवणार, सात मुलं ते दाबणार. ट्रॉम्बोन मोठा वाजतो म्हणून ही दाबणाऱ्यांत. "मी का म्हणून वाईट बँडमध्ये?" आम्ही समजूत घातली की नाटकात कुणीतरी दुर्योधन व्हावंच लागतं. ती म्हणाली, "दुर्योधनाला माहीत असतं तो कोण आहे ते. त्या बँडवाल्यांना माहीत होतं का?" आम्ही चहा करायला उठलो.

आणि आता मंडळाकडे वळू.

आमचं मंडळ लहान. मास्ट्रिख्ट, हेरलेन, सिटार्ड, पलीकडून आखेनची काही कुटुंबं. गणपती, दिवाळी, संक्रांत आणि महाराष्ट्र दिन असे चार कार्यक्रम. हॉल स्वस्त मिळतो त्या शनिवारी सण, हे आमचं पंचांग. त्यामुळे गेल्या वर्षीचा एक मे जूनच्या दुसऱ्या शनिवारी उगवला. 'मुलांचा कार्यक्रम' या सदरात कन्येने आपल्या चौदा जणांचं नाव दिलं. दोन मराठी, एक तमिळ, बाकी डच आणि एक सिरियाहून आलेला क्लॅरिनेटवाला. सगळ्यांना आनंद झाला. मग मास्तरांनी कार्यक्रमपत्रिकेसाठी चार ओळींची माहिती पाठवली. तीत हेडन होता, व्हिएतनाम होतं, चे गव्हेरा होता. कमिटीच्या ग्रुपवर पहिला संदेश आला : "हे राजकीय आहे. कलम नऊ बघा."

कलम नऊ आम्हीच लिहिलं आहे. मंडळाच्या घटनेतलं ते. 'मंडळाच्या व्यासपीठावर राजकीय स्वरूपाचे काहीही सादर केले जाणार नाही.' २०१९ च्या निवडणुकीच्या दिवसांत आमच्या ग्रुपवर जे झालं ते तुमच्याही मंडळात झालं असेल. एकाने काहीतरी पुढे पाठवलं, दुसऱ्याने उत्तर दिलं, तिसऱ्याने दोघांना देशाबाहेर जायला सांगितलं. आम्ही सगळे देशाबाहेरच होतो. तर आमचा एक मित्र, आखेनपासूनचा, ज्याच्याबरोबर आम्ही एका भांड्यात मॅगी खाल्ली, मंडळाचा एकमेव तबलजी, तो तेव्हा ग्रुप सोडून गेला आणि मंडळही. त्यानंतर कलम नऊ. मसुदा करताना आम्हाला फार शहाणपणाचं काम केल्यासारखं वाटलं होतं. प्लान्टमध्ये नाही का, दाब वाढला की आपोआप बंद होणारी झडप बसवतात. तबला मात्र तेव्हापासून कुणी वाजवला नाही. आता आम्ही ट्रॅकवर गातो.

कमिटीची बैठक आमच्याच घरी होती. आणि त्याच सुमारास आमचे मोठे काका आले होते, सावंतवाडीहून. वडिलांचे थोरले भाऊ. वय सत्त्याऐंशी, कान एक, दात स्वतःचे. बैठक चालू असताना काका कोपऱ्यात बसून सकाळच्या सूर्यप्रकाशात नखं कापत होते. मत असं पडत होतं की मुलांनी 'सर्कस' सोडून एखादं हिंदी सिनेमाचं गाणं वाजवावं. आम्ही कलमाचे जनक म्हणून गप्प. सौ. आमच्याकडे बघत होत्या. ती नजर आम्ही पंचवीस वर्षं ओळखतो.

काकांनी नखं कापणं थांबवलं. "कार्यक्रम कसला आहे रे?"

"महाराष्ट्र दिनाचा, काका."

"मग रद्द करा."

सगळे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "महाराष्ट्र काय आकाशातून पडला? एकशे सहा माणसं गेली. अमर शेख डफ घेऊन उभा राहिला की शिवाजी पार्कात माणूस मावत नसे. अण्णाभाऊ, गवाणकर. ते काय करत होते, हवापाण्यावर गात होते? राजकारण नको तर एक मे नको. गुढीपाडवा करा."

कमिटीतले एक सद्गृहस्थ, ज्यांचा कल दुसऱ्या बाजूला आहे हे सगळ्यांना माहीत आहे, जरा घुश्श्यात म्हणाले, "ते सगळे लालबावटावाले होते, काका."

"होते ना. आणि बाबूजी?"

बाबूजी म्हणजे सुधीर फडके. त्या गृहस्थांचं दैवत. दर रामनवमीला त्यांच्या घरी गीतरामायण असतं. काका म्हणाले, "गीतरामायण रेडिओवर चालू झालं ते पंचावन्न साली. त्याच्या आदल्या वर्षी बाबूजी दादरा-नगरहवेली सोडवायला गेले होते, पोर्तुगिजांच्या ताब्यातून. लताबाईंनी पैसे उभे करायला गाणं केलं. ते कुठल्या कलमात बसतं?"

त्यानंतर जे काकांनी सांगितलं ते आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे मोहन रानडे हे नाव ऐकलं होतं. सांगलीकडचे, आझाद गोमंतक दलाचे. १९५५ साली बेती इथल्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात ठेवले गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण रानडे नाही. तुरुंग पोर्तुगालमध्ये होता. त्यांच्या सुटकेसाठी वर्षानुवर्षं खटपट कुणी केली? एका संगीतकाराने, बाबूजींनी. शेवटी तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना गळ घातली आणि रानडे सुटले. जानेवारी १९६९ मध्ये. हे आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते काकांचं.

१५ ऑगस्ट १९५५. सत्याग्रही बांद्याहून पत्रादेवीच्या हद्दीकडे निघाले. सगळ्या देशातून आलेले, निःशस्त्र. काका सतरा वर्षांचे. वय कमी म्हणून त्यांना तुकडीत घेतलं नाही, हातात पाण्याची कळशी दिली आणि बांद्यालाच थांबवलं. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. पंजाबचा कर्नेलसिंग पत्रादेवीला पडला. त्या दिवशी गोव्याच्या सरहद्दीवर वीसहून अधिक माणसं गेली. काका म्हणाले, "पाऊस होता. गोळ्यांचा आवाज मी ऐकला की नाही ते मला आता सांगता येणार नाही. लोक विचारतात, मी सांगत नाही कारण मला आठवत नाही. पण जाताना ते गात गेले होते आणि येताना कुणी गात नव्हतं. ते मला आठवतं."

मग पुन्हा नखं कापायला लागले.

त्या रात्री आम्ही झोपलो नाही, कारण आम्हाला दुसरंच काहीतरी जुळत होतं. हेडनबद्दल आम्ही वर्षभर जे मिळेल ते वाचत होतो. १९७१ च्या नोव्हेंबरात तो ऑर्नेट कोलमनबरोबर पोर्तुगालला गेला होता, लिस्बनजवळच्या कश्काइशच्या जॅझ महोत्सवात. तिथली हुकूमशाही तेव्हा अंगोला, मोझांबिक आणि गिनीमध्ये युद्धं लढत होती. हेडनने स्टेजवरून सांगितलं की चे गव्हेराची ही रचना मी या तीन देशांतल्या मुक्तिलढ्यांना अर्पण करतो. तरुण श्रोत्यांनी हॉल डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी त्याला लिस्बनच्या विमानतळावर गुप्त पोलिसांनी उचललं. तेच पोलीस, ज्यांना गोव्यात पिढे म्हणून सगळे ओळखत. नाव तोवर बदललं होतं, माणसं आणि पद्धती त्याच. चौकशी झाली आणि अमेरिकन वकिलातीतले अधिकारी मध्ये पडल्यावर तो सुटला. नशीबवान. रानड्यांना चौदा वर्षं लागली होती.

पुढचं आणखी आहे. १९७४ च्या २५ एप्रिलला, मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी, पोर्तुगीज रेडिओवर जुझे अफोन्सो या गायकाचं 'ग्रांदोला' हे गाणं लागलं. ती सैन्याला खूण होती. त्या एका दिवसात अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही गेली. काशियसचे राजकीय कैदी सुटले. आणि त्याच वर्षी, ३१ डिसेंबरला, पोर्तुगालने भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा, नगरहवेली भारताचे असल्याचं मान्य केलं. तेरा वर्षांनी! आपल्या शाळेच्या पुस्तकात गोवामुक्ती १९ डिसेंबर १९६१ ला संपते, पण कागदावर ती एका गाण्यानंतर संपली. हेडनने हेच 'ग्रांदोला' लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्राच्या दुसऱ्या रेकॉर्डीत वाजवलं आहे, 'द बॅलड ऑफ द फॉलन', १९८३. डाव्या विचाराचा अमेरिकन हेडन आणि संघाचे बाबूजी. दोघं समोरासमोर आले असते तर राजकारणावर एका वाक्यातही पटलं नसतं. जेलर मात्र दोघांनी एकच निवडला होता.

सकाळी आम्ही काकांना 'ग्रांदोला' ऐकवलं. पोर्तुगीज शब्द असलेलं मूळ नव्हे, ऑर्केस्ट्राचं. काका चांगला कान आमच्याकडे करून बसले. "ह्यां काय वाजता?" आम्ही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोर्तुगिजांतही आपली माणसं होती म्हणायची." आणि चहा मागितला.

कमिटीत शेवटी काय झालं? लोकशाहीत होतं तेच. तडजोड. 'सर्कस' होईल, पत्रिकेतलं चेचं नाव राहील, पण निवेदन आम्ही करायचं आणि ते दोन मिनिटांत. आणि त्यानंतर लगेच बटाटेवडे, म्हणजे चर्चा नको.

निवेदनाआधी आम्ही आणखी एक काम केलं. तबलजी मित्राला फोन केला. सहा वर्षांनी. त्याने उचलला. आम्ही म्हटलं, मुलीचा कार्यक्रम आहे. तो म्हणाला, बघतो.

शनिवारी हॉलमध्ये सत्तरएक माणसं. चौदा मुलं दोन गटांत, स्टेजच्या दोन टोकांना. आम्ही शिकागो सांगितलं, कश्काइश सांगितलं, रानडे सांगितले. तीन मिनिटं झाली, कुणी घड्याळ दाखवलं नाही. मग सुरू झालं. डावीकडच्या सात जणांनी क्लॅरिनेटवर ते गाणं हळू धरलं. सगळ्या हॉलने ते ओळखलं, कारण आपण सगळ्यांनी शाळेच्या प्रार्थनेनंतर ते म्हटलेलं आहे. गिरिजाकुमार माथुरांनी त्याचं हिंदी केलं, 'हम होंगे कामयाब'. ते कुणाचं, कुठून आलं, हे आम्हाला एकाही गुरुजींनी सांगितलं नव्हतं. मागून काही बायका गुणगुणायला लागल्या. तेवढ्यात उजवीकडचे सात जण सुटले. आमची कन्या सगळ्यांत पुढे, गाल फुगवून. काय तो आवाज! पहिल्या रांगेतल्या लहान मुलांनी कानावर हात घेतले. तो सिरियाचा मुलगा वाजवत होता हे त्याच्या बोटांवरून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आणि आम्हाला, खरं सांगतो, कलम नऊचा मसुदा दिसत होता, आमच्याच टायपिंगमध्ये.

रेकॉर्डवर गोंगाट संपल्यावर 'वुई शॅल ओव्हरकम' येतं ते ट्रॉम्बोनवर. रॉसवेल रडने वाजवलं आहे. मास्तरांनी कन्येला हे आधी सांगितलंच नव्हतं, शेवटच्या दोन तालमींत सांगितलं. तेव्हा दाबणारी तीच आणि शेवटी एकटी उभी राहून वाजवणारीही तीच. दोन सूर चुकले. चौथ्या ओळीला हॉल तिच्याबरोबर हिंदीत म्हणत होता. काका म्हणत नव्हते. काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते आणि पाय हलत होता. गीतरामायणवाले गृहस्थ मधेच उठून वडे बघायला गेले, पण दारात थांबून पुरतं ऐकलं आणि मग गेले.

मित्र आला होता. शेवटच्या रांगेत उभा होता, जॅकेट न काढता. वडे खाल्ले नाहीत. पण नंतर खुर्च्या आवरताना दुसऱ्या टोकाला कुणी टेबल धरलं म्हणून आम्ही वर बघितलं तर तोच होता. "पोरगी चांगली वाजवते," म्हणाला. आम्ही म्हटलं, दोन सूर चुकले. "ते चालतं," म्हणाला. टेबल ठेवलं आणि गेला.

काका जुलैत परत गेले. जाताना रेकॉर्ड मागितली. सावंतवाडीच्या घरात रेकॉर्ड वाजवायला काही नाही हे आम्ही सांगून पाहिलं. म्हणाले, "असू दे. भिंतीवर लावीन." त्या आजोबांची आम्ही मनातल्या मनात क्षमा मागितली.

मंडळाची सर्वसाधारण सभा नोव्हेंबरात असते. कलम नऊ रद्द करावं का बदलावं, हा विषय आम्ही विषयपत्रिकेवर घालायला दिला आहे. सूचक आम्ही. अनुमोदक अजून मिळालेला नाही.